दक्षिणमुखी बंब

१४ जाने. १९८६
संक्रांत. लॉजच्या सगळ्या खोल्यांत फिरून तिळगूळ वाटला. उद्याच्या कोर्टाच्या तारखेसाठी आलेली माणसं, सणालाही तोंडं पाडूनच बसलेली. सात नंबरमधल्या मुरबाडच्या म्हाताऱ्याने वडी खिशात टाकली. "नातीला नेतो, बाय."
दुपारी हे मुंबईहून आले. कुठलंसं प्रदर्शन बघायला गेले होते. हातात कागदांची गुंडाळी, आणि डोळ्यांत ते जुनं खूळ. लग्नानंतर लगेच एकदा मधमाश्या पाळायच्या होत्या तेव्हा होतं तेच.
"कुसुम, आपल्या गच्चीवर रोज किती ऊन फुकट जातं, माहितीये?"
म्हटलं, ऊन म्हणजे काय उरलेली आमटी आहे का फुकट जायला? ते हसले नाहीत.
संध्याकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. सूर्य केव्हाच कलला होता, पण लादी अजून तळव्यांना गरम लागत होती. उगाचच तिथे उभी राहिले. खाली खोपटच्या डेपोत गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होते, आणि माझ्या पायाखाली एवढी सगळी ऊब होती जिचा कुणालाच काही उपयोग नव्हता. खरंच की. जातंय फुकट.

१९ जाने.
रात्री जेवताना ह्यांनी अण्णांपुढे विषय काढला. गच्चीवर काचेच्या काळ्या पेट्या बसवायच्या, वर एक टाकी, पाणी उन्हाने तापणार आणि नळाने खाली न्हाणीघरांत येणार. लाकूड नको, करवंट्या नकोत, मागची भिंत धुराने काळी व्हायला नको.
अण्णा सासरे असले तरी मला कधी परके वाटले नाहीत. कोर्टातली कारकुनी सोडून त्यांनी हे लॉज काढलं, 'प्रभात' नाव त्यांचंच. आणि पहाटेचा मोठा बंब अजून तेच पेटवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ताक संपवलं. मग विचारलं,
"आणि पहाटे उठून मी काय करू?"
 आमची नीता म्हणाली, "झोपा ना अण्णा, मस्तपैकी!" ते काही अण्णांना पटलेलं दिसलं नाही.

२ फेब्रु.
डोंबिवलीहून कारेकर आले. त्यांचा तिथे छोटा कारखाना आहे, पेट्या तेच बनवतात. बुटके, गोल, सतत घामेजलेले, मला पहिल्या वाक्यापासून 'वहिनी'. गच्चीवर जाऊन खिशातून होकायंत्र काढलं, इकडे तिकडे फिरले आणि बोट दाखवलं. "पेट्यांचं तोंड असं. दक्षिणेला."
अण्णा जिना चढून आलेलेच होते. गुडघे धरून उभे. "कुठे?"
"दक्षिणेला, अण्णा. वर्षभर ऊन मिळतं."
"ती यमाची दिशा."
कारेकर हसले. त्यांना वाटलं, अण्णा गंमत करताहेत. मी मात्र तेव्हाच ओळखलं की आता पुढे सरकायचं नाही. अण्णांचा आवाज चढला नाही, हेच वाईट लक्षण.
"बाप जिवंत असताना मुलगा दक्षिणेकडे तोंड करून जेवायला बसत नाही. आणि तू, मधू, सगळ्या लॉजचं पाणी तिकडे तोंड करून तापवणार? माझ्या डोळ्यांदेखत?"
कारेकरांनी होकायंत्र खिशात ठेवलं.
जिन्यात माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, पहिलंच गिऱ्हाईक भेटलं यमाचं नाव काढणारं. बाकीचे सगळे विचारतात, पाऊस पडला की काय करायचं."

९ फेब्रु.
नी. ने कॉलेजातल्या सरांना विचारून आणलं. मोसंबं आणि टॉर्च घेऊन अण्णांना समजावत होती. "अहो, आपण उत्तर गोलार्धात आहोत ना, म्हणून थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो. त्यात यम कुठून आला मध्येच?" अण्णांनी शांतपणे मोसंबं सोलून खाल्लं.
मागच्या दारी हिराबाई. चेंदणीहून रोज मासळी घेऊन येते, बोर्डिंगचं निम्मं जेवण तिच्या टोपलीवर. तिला भांडण सांगितलं. पदराने तोंड पुसत म्हणाली,
"आवो, आमची खाडी दखनेलाच जाते. मंग आमी काय होरी उलटी वल्हवू?"
अण्णांनी आतून ऐकलं असणार. खोकला आला.

१६ मार्च
शेवटी पूर्वेला. ह्यांनी माघार घेतली. "फार तर पाच-दहा टक्के ऊन गेलं तर गेलं," म्हणाले, पण रात्री कूस बदलत होते. कारेकर म्हणाले, बसवून देतो, पण माझं नाव कुणाला सांगू नका.
पेट्या क्रेनने नाही, दोरखंडाने वर ओढल्या. रस्त्यावर गर्दी जमली. रिक्षावाल्यांना वाटलं, शोकेस आहे, आम्ही मिठाईचं दुकान काढतोय वर.
अण्णांनी नारळ फोडला, काचेवर कुंकू लावायला गेले. कारेकर ओरडले, "काचेवर नको अण्णा, तेवढीच सावली!" मग चौकटीला लावलं. पेट्यांचं उगवत्या सूर्याकडे लागलेलं तोंड बघून अण्णांचा चेहरा खुलला होता. "प्रभात म्हणजे प्रभात," म्हणाले.

२० एप्रिल
अंगाची लाही होतेय, पाणी काय, नुसतं कढत येतंय. आता कुणाला हवं आहे गरम पाणी! बावीस नंबरवाल्याने तक्रार केली, बाई, थंड नाही का? हे भलतेच खूश. तक्रारदाराला सरबत पाजलं.
दुपारी मी गच्चीवर टाकीच्या सावलीत बसले होते. पेंगुळले. स्वप्नच असणार, पण डोळे उघडे होते असं वाटतं. काचेतून सूर्य आत शिरला आणि पाइपातून खाली उतरायला लागला, एकेका खोलीत डोकावत. काउंटरवर येऊन म्हणाला, खोली आहे का? सामान काही नाही. मी म्हटलं, गच्चीवर जागा आहे, चालेल? म्हणाला, चालेल.
ह्यांना सांगितलं. "बिनसामानाचं गिऱ्हाईक," म्हणाले. "नीट बघ हं, असे लोक न सांगता जातात."
आई कल्याणला आमच्या लहानपणी अंगणात तांब्याचं घंगाळ उन्हात ठेवायची. धाकट्याला त्या पाण्याने अंघोळ. बाळ बाळसं धरतं म्हणायची. पाण्यावर एक पान तरंगत असे नेहमी, आणि ते मीच काढायचे. किती वर्षांनी आठवलं.

४ ऑगस्ट
ढग. पेट्या आंधळ्या. बंब चालू. अण्णा पहाटे गुणगुणतात.

३ डिसें.
थंडी आली आणि पाणी रुसलं. सकाळी नळ सोडला की आधी कोमट, मग तेही नाही. दिवसभर सूर्य दक्षिणेकडून वाकून जातो, पेट्यांना फक्त सकाळचा तासभर भेटतो. नी. म्हणाली, "मी मोसंबं घेऊन सांगितलेलं ना!"
कोर्टाचे लोक, पहाटे अंघोळ करून, गंध लावून तारखेला जायचं असतं त्यांना. एक शहापूरचे गृहस्थ कुडकुडत काउंटरवर आले, अंगावर टॉवेल. "मालक, आज निकाल हाय माझा. ह्या पान्यानं न्हालो तर हरनारच."
अण्णांनी स्वतः त्याला बंबातून बादली भरून दिली. ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तरी बरं झालं असतं. हे दिवसभर गच्चीवर. काच पुसत बसले होते, पुसून काय होणार आहे?
मला ह्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. जन्मभर हा माणूस कशाच्या तरी काठावर येऊन थांबतो. मधमाश्यांचीसुद्धा पेटी आणून ठेवली आणि मग अण्णांना चावतील म्हणून परत केली.

११ डिसें.
वन्संच्या नातवाचं बारसं, कल्याणला. अण्णा चार दिवस तिकडे राहणार. रिक्षात बसवून दिलं. रिक्षा वळली न वळली तोच हे म्हणाले, "कारेकरांना फोन केलाय."
मी म्हटलं, "अहो!"
"तू नको म्हणालीस तर नाही करत."
मी नको म्हणाले नाही. दोरखंड धरायला मदतही केली.

१३ डिसें.
फिरवल्या. पाइप कापले, जोडले, स्टँड वळवला. कारेकर घामाने डबडबले, म्हणाले, "वहिनी, आता माझं नाव सांगा कुणालाही."
संध्याकाळी पाच वाजता हे अंघोळीला गेले. बराच वेळ आवाज नाही. मी दार वाजवलं. आतून म्हणाले, "कुसुम, हात घाल." दाराच्या फटीतून हात घातला, त्यांनी त्यावर तांब्या ओतला. सहन होईना इतकं गरम! मी ओरडले, ते आत लहान मुलासारखे हसत होते. आम्हा दोघांचं वय झालं, मुलगी कॉलेजात, आणि न्हाणीघराच्या दाराशी असले खेळ.
मी फार सुखी आहे. लिहून ठेवते. नंतर विश्वास बसणार नाही म्हणून.

१५ डिसें.
अण्णा आले. रिक्षातून उतरतानाच वर बघितलं. पेट्या आता रस्त्यावरून दिसत नाहीत, पाठ आहे रस्त्याकडे. तेवढ्यावरून समजले. पिशवी मी घेतली, तर बारशाच्या घुगऱ्या बांधून आणलेल्या, नी. साठी.
स्वतःपुरता छोटा बंब पेटवला. गच्चीचा जिना चढले नाहीत.

२८ डिसें.
पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं आता. टाकीला ह्यांनी कारेकरांच्या सांगण्यावरून जाड काथ्या गुंडाळून घेतलाय. मोठा बंब बंद. धूर नाही. मागच्या भिंतीला चुना काढला, पांढरीफेक झाली. हिराबाई जवळा वाळवायला वर आणते, ह्यांनीच परवानगी दिली. दहा नंबरच्या बाईंनी सांगितलं, पाण्याला मासळीचा वास येतो. हे म्हणाले, बाई, पाणी कुठे आणि जवळा कुठे! पण त्यांना येतोच. शेवटी हिराबाईला कोपरा बदलायला सांगितला, तर वास लगेच गेला म्हणे.
अण्णा पहाटे उठतात, अंगणात येतात, थंड पडलेल्या मोठ्या बंबापाशी उभे राहतात. मग छोटा पेटवतात. वाईट वाटतं. त्यांना दुसरं काही काम द्यायला हवं, काय द्यावं ते कळत नाही.

१४ जाने. ८७
संक्रांत. आज एकदाच दोघांचं बोलणं झालं. मी तिळगूळ देत होते म्हणून कानावर पडलं.
"मधू, मी रागावलेलो नाही. ती दिशा माझी आहे एवढंच. तू उगाच बोलावून ठेवलीस."
"अण्णा, ती दिशा कुणाचीच नाही हो. ऊन येतं तिकडून."
"बरं."
आणि ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ह्यांनी वाकून नमस्कार केला. मला वाटलं, मिटलं.

८ मार्च ८७
हे गेले.
तारीख २२ फेब्रु. त्या दिवशी लिहिलं नाही. कसं लिहिणार.
सकाळी हे गच्चीवर काच पुसून आले. काउंटरवर बसले. म्हणाले, चहा टाक. मी चहा टाकला. नेला तेव्हा डोकं टेबलावर होतं. मी म्हटलं, अहो, झोपलात काय

१५ मार्च
लॉज चालू आहे. माणसं येतात, जातात. तारखा पडतात. मला वाटतं की हे कुठल्या तरी खोलीत असतील. मी कुठलीही चावी घेऊन गेले की दार उघडण्याआधी एक क्षण

२ एप्रिल
तेरावं झालं तेव्हाच अण्णांनी गच्चीवरून येणाऱ्या पाण्याचा अंगणातला मोठा व्हॉल्व्ह बंद केला होता, मला आज कळलं. खाली पाणी येत नव्हतं, मला वाटलं पाइप चोंदला. मोठा बंब परत पेटतो आहे. पांढरी भिंत परत काळी व्हायला लागली.
मी काही बोलले नाही. अण्णांनी एकुलत्या एका मुलाला अग्नी दिला आहे. त्यांना काय बोलणार.
पण रोज सकाळी वर जाते आणि काच पुसते. ह्यांचा जुना मलमलचा सदरा फाडून घेतलाय त्यासाठी. पाणी कुणालाच नकोय, तरी पुसते. वेडी म्हणतील.

१७ मे
आज अण्णांनी कारेकरांना फोन लावायला सांगितला. पेट्या काढून टाका, नाहीतर पूर्वेला फिरवा. काही एक करा.
तेव्हा मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांपुढे आवाज चढवला. ह्यांनी शेवटची जी गोष्ट आपल्या मनासारखी केली ती ही. सगळी हौस दुसऱ्यासाठी गिळली, एवढी एक केली. ती उचकटायची असेल तर आधी मला
पुढचं बोलता आलं नाही. नी. मध्ये आली. मी खोलीत जाऊन दार लावलं.
नंतर अण्णा दाराशी आले. आत नाही आले. बाहेरूनच बोलले, हळू.
"कुसुम, मी मधूला दोष देत नाही गं. तो यम माझ्यासाठी निघाला होता. मी म्हातारा, माझी पाळी. दक्षिणेकडून आला, तर गच्चीवर आधी मधू दिसला त्याला. काच पुसत."
मी रडत होते, उठून दार उघडायला हवं होतं. उघडलं नाही. अण्णा किती वेळ तिथे होते कोण जाणे.
त्या विचाराने इतके दिवस ते एकटे राहिले.

१८ मे
ठरलं. वर्ष होईपर्यंत घरातलं काही हलवायचं नाही, हे अण्णांचं स्वतःचंच म्हणणं. वर्षश्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी कारेकर येतील. मी हो म्हटलं. नाही म्हणून काय करणार होते?
रोज वर जाते तेव्हा मनाला बजावते, अजून माघ लांब आहे.

१२ ऑगस्ट
पावसाने काच धुऊन निघते, माझं काम कमी. टाकीपाशी बसले होते. पेंगुळले असेन. हे आले, ओल्या अंगाने, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, खोली आहे का? मी म्हटलं, हे काय, तुम्ही मालक. म्हणाले, मालक नाही, गिऱ्हाईक. सामान नाही. मी म्हटलं, गच्चीवर चालेल? हसले.
जागी झाले तेव्हा ढग फाटून एवढासा उजेड काचेवर पडला होता. मांडीवरचा सदऱ्याचा तुकडा भिजला होता.
नी. ला सांगितलं नाही. ती काळजी करते. म्हणते, आई, तू जास्त वेळ वर बसत जाऊ नको.

दिवाळी, ऑक्टो. ८७
आमच्याकडे सण नाही. पण लॉजवाल्याला दिवाळी चुकत नाही. पहाटे अभ्यंगासाठी सगळ्यांना एकदम पाणी. अण्णांनी दोन बंब लावले. धुराने डोळे चुरचुरत होते त्यांचे, की आणखी कशाने.
पुढच्या नळाला गरम पाणी नाही, बंब वाट बघायला लावतो, आणि वर टाकीभर कढत पाणी नुसतं बसलंय. हात लावून बघते कधीकधी टाकीला. कुणाच्या कपाळाला हात लावावा तसं.
हिराबाई म्हणाली, "तापू दे तेला. तापायचंच काम तेचं. कोन न्हाईल न न्हाईल."

२० जाने. ८८
कारेकर भेटायला आले. घरच्यासारखे होऊन गेलेत. माझ्याजवळ म्हणाले, "वहिनी, मी पूर्वेला फिरवणार नाही. अण्णा म्हणाले तर काढून नेईन. पण आंधळ्या करणार नाही."  चहा पिऊन गेले. १२ तारखेला येतो म्हणाले.

१० फेब्रु. ८८
उद्या. तिथी अकराला आली.
नी. ने विचारलं, "अण्णाच करणार का सगळं?" मुलगा नाही मला. करणार अण्णाच. बापाने मुलाचं. तिने विचारलं, "मी केलं तर?" अण्णा ऐकत होते. तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "माझं तू कर."

११ फेब्रु.
जसं झालं तसं लिहिते. विसरायच्या आत.
खाली खोल्यांत माणसं, बोर्डिंगच्या भांड्यांचा खणखणाट. गुरुजी म्हणाले, शांत जागा हवी. गच्चीशिवाय दुसरी जागा नाही. अण्णा जिन्यापाशी थांबले. शहाऐंशीच्या डिसेंबरपासून ते वर चढले नव्हते. नी. ने हात पुढे केला, तो धरून चढले.
दुपारचं ऊन होतं. पेट्यांवरून चकाकत होतं. अण्णांनी त्यांच्याकडे पाठ करून पाट मांडायला सांगितला. पिंड झाले. कावळा गुरुजींचे मंत्र संपायच्या आत आला. ह्यांचं असंच, कुणाला ताटकळत ठेवायचे नाहीत.
मग तर्पण. गुरुजी म्हणाले, "आता दक्षिणेकडे तोंड करा."
अण्णा उठले. फिरले. समोर पेट्यांची पाठ. इतक्या जवळ की वरच्या कडेवरून पलीकडची काच दिसत होती, आणि तिच्यात सगळं आभाळ. म्हणजे पलीकडे यम, आणि अलीकडे अण्णा, आणि मध्ये ह्यांनी पुसलेली काच. नाही, मी पुसलेली.
तांब्यात पाणी संपलं होतं. गुरुजींनी नी. ला सांगितलं, भरून आण. जिना कोण उतरणार? तिने पेट्यांच्या तळाशी गाळ काढायचा छोटा नळ आहे तो सोडला. मला दिसलं. 
अण्णांनी ओंजळ धरली. नी. ने तीळ घातले, तांब्या ओतला. अण्णा दचकले. हात मागे घेतले नाहीत. पाणी अंगठ्याच्या बाजूने खाली गेलं, लादीवर पडलं, वाफ निघाली.
गुरुजी म्हणाले, "गरम आहे? दुसरं आणू?"
"नको," अण्णा म्हणाले. "असू दे. त्याचंच आहे."
गुरुजींनी नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. अण्णांनी पुन्हा ओंजळ धरली. नी. ने पुन्हा ओतलं. तळहात लाल झाले होते. मी बघत होते, माझ्या हाताला ते १३ डिसेंबरचं पाणी जाणवत होतं, दाराच्या फटीतून, आणि आतलं हसू.
अण्णा सगळं झाल्यावर बराच वेळ तिथेच उभे. तोंड तिकडेच.
मी म्हटलं, "अण्णा, ऊन लागेल."
म्हणाले, "लागू दे गं."

१२ फेब्रु.
पहाटे बंबाचा आवाज आला नाही. मी धडपडत उठले, म्हटलं, अण्णांना काही झालं की काय. अंगणात बसले होते, तळहातांना खोबरेल लावत. बंब रिकामा. मला म्हणाले, "आज उशीर झाला उठायला." इतक्या वर्षांत त्यांना उशीर झालेला मी पाहिला नाही.
पाच नंबरवाले पाणी मागत होते. मी त्यांना थांबायला सांगितलं. व्हॉल्व्ह सोडावा का? विचारलं नाही. अण्णांनीही सांगितलं नाही. शेवटी गॅसवर पातेलं ठेवलं.
नऊला कारेकर आले, दोन माणसं, पाना, दोरखंड. दारातच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी अण्णांकडे बघितलं.
"काय करायचं, अण्णा?" कारेकरांनी विचारलं. "काढू ना?"
अण्णांनी तळहात एकमेकांवर चोळले. म्हणाले,
"आधी चहा घ्या. ऊन चढू दे."
कारेकरांनी दोरखंड पायाशी ठेवला. माणसांना ओट्यावर बसवलं. पहिला कप झाला, आता दुसरा चाललाय. अण्णा वर्तमानपत्र घेऊन बसलेत, पान उलटत नाहीत. 
मी आत येऊन हे लिहिते आहे. चहा उतू जाईल. आणि काच पुसायची राहिली आहे अजून, आज. जाते वर.